लहानपणीची रहस्यकथा पुन्हा वाचताना पहिल्याच प्रकरणात अडकले, तुमचं असं होतं का?

फोंड्याची वाचक

नमस्कार मंडळी. मुलगी पाचवीत गेली, आता पुस्तकं भराभर संपवते, म्हणून या पावसाळ्यात रात्री जेवणं आटपली की दोघींनी मिळून माझ्या लहानपणीच्या रहस्यकथा वाचायच्या असं ठरलं. सुरुवात एनिड ब्लायटनच्या 'फाइव्ह गो टू स्मगलर्स टॉप'ने केली, १९४५ चं पुस्तक आहे. हायस्कुलात असताना याने मला वेड लावलेलं. चहूबाजूंनी दलदल, मधे टेकडी, टेकडीच्या पोटात भुयारंच भुयारं, आणि रात्री बुरुजावरून कोणीतरी दिवा दाखवून इशारे करतंय. अंगावर काटा यायचा आणि तो यावा म्हणूनच परत परत वाचायचे.

आता वाचायला घेतलं तर भुयारापर्यंत मी पोचलेच नाही. कारण पुस्तक सुरू होतं वादळाने. सोसाट्याचा वारा सुटतो आणि घराशेजारचं मोठं झाड छपरावर कोसळतं. मुलं वाचतात, पण घर राहण्यासारखं उरत नाही म्हणून त्यांना त्या टेकडीवरच्या घरी पाठवतात, म्हणजे गोष्टीत झाड पडणं हे नुसतं निमित्त आहे, लहानपणी मी ती पानं पटापट उलटून पुढे पळायचे. ती अशी काही आहेत हेसुद्धा मला आठवत नव्हतं.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या मागच्या परसातला फणस स्वयंपाकघरावर आडवा झाला. आम्ही सगळे पुढच्या खोलीत होतो म्हणून कोणाला खरचटलंही नाही. पण आधी तो करकर आवाज, मग नळे, म्हणजे छपराची कौलं, फुटल्याचा, मग आत पाणी, लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही. फटफटलं तेव्हा जाऊन बघितलं तर तांदळाच्या डब्यावर नळ्यांचे तुकडे आणि फुटलेल्या पिकल्या फणसाचे गरे, सगळीकडे चीक, आणि तो गोड वास. अग्निशामक दलाने येऊन फांद्या कापल्या, शेजाऱ्यांनी ताडपत्री बांधून दिली, छप्पर नवीन झालं. पण फणसाचा वास आला की मला अजून ती सकाळ आठवते, आणि गोव्यात मे महिन्यात फणसाच्या वासापासून कुठे पळणार.

तर विचारायचं असं की खऱ्या आयुष्यात एखादी भीती अनुभवली की लहानपणीची आवडती पुस्तकं हातातून जातात का? तुमची गेली का? आणि मुलीला हे पुस्तक वाचून दाखवू की बाजूला ठेवू? तिला ती रात्र फारशी आठवत नाही, ती मागे लागलीय पुढे काय झालं सांग म्हणून, अडते आहे मी. माझा आवाज कापला तर ती ते पकडेल असं वाटतं.

डिचोलीकर

ताई, अगदी असंच होतं, फक्त माझं झाड वेगळं आहे म्हणा.

या पुस्तकांत बहुतेक ठिकाणी साचा एकच असतो बघा. पडक्या घरात उजेड दिसतो, गावची माणसं म्हणतात भूत, पोरं हिंमत करून जातात आणि भूत नसतंच, माणूस असतो, चोरटा माल लपवणारा. लहानपणी तो क्षण म्हणजे सुटका असायची. हुश्श, भूत नव्हतं, माणूसच होता. आता माझं उलटं झालंय. जोपर्यंत भूत आहे तोपर्यंत मी मजेत वाचतो आणि माणूस निघाला की पोटात गोळा येतो. कारण माणूस पोराला पकडतो, तोंडात बोळा कोंबून तळघरात ठेवतो, तुम्ही म्हणता त्याच पुस्तकात एक मुलगा आणि मोठे काका रात्रीत गायब केले जातात. लहान असताना मला वाटायचं वा, आता मजा, आता शोधायला जातील. हल्ली मी त्या मुलाच्या आईबापाचा विचार करत बसतो. शिगम्याच्या मिरवणुकीत गर्दीत माझा पोरगा हातातून सुटला होता, रोमटामेळ चालू, ढोलताशांत माझी हाक मलाच ऐकू येईना. सापडला लगेच, एका मावशीने त्याला चण्याच्या गाड्याजवळ उभा करून ठेवला होता. पण तेवढा वेळ काय काय मनात येऊन गेलं ते इथे लिहवत नाही. तेव्हापासून पोर पळवण्याचा भाग आला की पुस्तक मिटतो.

आणखी एक सांगतो, आमचे आजोबा पेडण्याचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातून सोनं, घड्याळं, दारू चोरून पलीकडे जायची हे सगळ्यांना माहीत आहे, १९६१ पर्यंत चाललं ते. आजोबा सांगायचे, रात्री घरामागच्या रानवाटेने माणसं ओझी घेऊन जायची आणि घरातली मोठी माणसं पोरांना सांगायची, देवचार फिरतोय, खिडकी उघडू नका. देवचार म्हणजे आपला राखणदार, हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, तो वाटेला गेल्याशिवाय कोणाला काही करत नाही. म्हणजे पुस्तकात भुताखाली माणूस सापडतो आणि आमच्या घरी मोठ्यांनीच माणसावर देवचाराचं पांघरूण घातलं होतं, पोरांना झोप लागावी म्हणून. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. देवचाराला घाबरून पोरं शांत झोपायची, खरं कळलं असतं तर झोपली नसती.

तेव्हा मुलीला वाचून दाखवा असं माझं मत. तिच्या वयाला भूत आणि वादळ हीच भीती बरी, माणसांची भीती कळायला अजून वेळ आहे तिला.

माडावरचा वारा

मी वेगळं मत मांडतो. त्रास होतो तर वाचू नका ना. पुस्तक म्हणजे औषध नव्हे, नाक दाबून घ्यायला. पन्नास दुसरी पुस्तकं आहेत. माझ्या बायकोचा भाऊ बुडाला तेव्हापासून आमच्या घरात नदीची, होडीची गोष्ट कोणी वाचत नाही आणि आमचं काही अडलेलं नाही. लोक लगेच म्हणतात भीतीला तोंड द्या. कशाला द्यायचं, रात्री झोपायच्या आधी?

शाळेतली लायब्ररी

मी कितीतरी वर्षं शाळेची लायब्ररी सांभाळली, आता निवृत्त आहे. माडावरचा वारा, तुमच्या घरचं दुःख मोठं आहे, तिथे मी काही सांगणार नाही, तुमचं बरोबरच आहे. पण फोंड्याच्या ताईंचा प्रश्न थोडा निराळा आहे, त्यांना ते पुस्तक अजून हवंय, नाहीतर इथे विचारलंच नसतं.

मुलं घाबरायचं पुस्तक कसं वाचतात ते मी रोज बघितलंय. मूल कधीच सलग वाचत नाही हो. शेवटचं पान आधी बघतं, कोण वाचलं ते पक्कं करतं आणि मग परत मागे येतं. भीतीचं चित्र असलेलं पान बोटाने झाकून बाकीचं वाचणारी मुलगी होती एक, तिने ते पुस्तक परत परत नेलं, आणि दर वेळी बोट थोडं थोडं बाजूला सरकायचं. तिला कोणी शिकवलं नव्हतं. किती घाबरायचं ते मुलं स्वतः ठरवतात, आणि म्हणून पुस्तक सिनेमापेक्षा बरं, पान आपल्या हातात असतं.

डेन्मार्कच्या संशोधकांनी एका भुताच्या घरात, म्हणजे तिकीट काढून घाबरायला जातात तशा ठिकाणी, ११० लोकांच्या छातीचे ठोके मोजले होते, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. फार कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही आणि फार जास्त घाबरलेल्यांनाही नाही, मधल्यांना आली. मला यातून जे वाटतं ते असं की ज्याच्या घरावर खरंच झाड पडलंय तो पहिल्या पानालाच अर्धी चढण चढून आलेला असतो, लेखकाने थोडंसं ढकललं की तो मजेच्या पलीकडे जातो. ताईंची आवड गेलेली नाही, त्या सुरुवातच वरून करताहेत. मग ढकलणं कमी करायचं. रात्री नको, दुपारी वाचा, पाऊस नसताना. झाड पडायचं ते प्रकरण मुलीला मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही ऐका. आणि आपल्या घरावर पडलं होतं तेव्हा काय काय झालं ते आधी सांगून टाका, शेजाऱ्यांनी ताडपत्री कशी बांधली तेसुद्धा. तुमचा आवाज कापला तर कापू दे, कशामुळे ते तिला माहीत असलं म्हणजे झालं. मुलांना आईची भीती त्रास देत नाही, कारण न सांगितलेली भीती देते.

रातराणी

माझा अनुभव एकदम उलटा म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

बाबा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, आयसीयूमध्ये होते तेव्हा मी बाहेर पॅसेजमध्ये बाकावर बसून असायचे, कारण आत दिवसातून थोडाच वेळ सोडायचे. मोठ्यांचं एकही पुस्तक डोक्यात शिरेना. भावाने घरून फास्टर फेणेची पुस्तकं आणून दिली, आमची जुनी, कव्हरं गेलेली, दोऱ्याने शिवलेली. आणि मी ती एकामागून एक वाचली. भा. रा. भागवतांचा तो काटकुळा बनेश फेणे, फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल काढतो आणि संकटात जाऊन पडतो, आणि जिभेने ट्टॉक केलं की मला कळायचं आता याला काहीतरी सुचलंय. बाकावर माझ्या शेजारी कोणाकोणाची माणसं रडत असायची आणि मी गुंडांच्या तावडीतून पोरगा कसा सुटतो ते वाचत असायचे. कोणाला विचित्र वाटलं असेल. पण मला त्या वेळी अशीच भीती हवी होती जी प्रकरण संपेपर्यंत संपते. दाराआडची भीती कधी संपणार, कशी संपणार, डॉक्टरसुद्धा सांगू शकत नव्हते.

बाबा बरे होऊन घरी आले, आता अंगणात सुपाऱ्या सोलत बसलेत.

नंतर एक गंमत लक्षात आली, या पुस्तकांत मारामारी, धावपळ, कोंडून ठेवणं सगळं मी सहज वाचू शकते. पण नंतर एका मोठ्यांच्या कादंबरीत मॉनिटरच्या बीप आवाजाचं वर्णन आलं, दोनच ओळी, आणि मी ती कादंबरी पुढे वाचू शकले नाही. म्हणजे भीती लहान की मोठी हा प्रश्नच नाही, आपल्या घरात शिरलेली आहे की नाही हा आहे. तुमच्या घरात झाड शिरलं, डिचोलीकरांच्या घरात गर्दी. त्या एका दारातून आत जाता येत नसेल तर पुस्तकाला बाकीची दारं असतात. झाडाचं प्रकरण सोडून थेट टेकडीवरून सुरुवात करा की! लेखिकेची हरकत नसावी.

फोंड्याची वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येकाचं दोनदा वाचलं. माडावरचा वारा, तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही म्हणता ते मी गंभीरपणे घेतलं, कुठल्याही क्षणी मिटायचं असं ठरवूनच बसले.

लायब्ररीवाल्या बाईंनी सांगितलं तसंच केलं. रविवारी दुपारी, ऊन पडलेलं बघून. आधी तिला फणसाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली मला ताडपत्रीचा निळा रंग आठवतो, बाकी काही नाही. मग तिने ते प्रकरण वाचलं आणि मी ऐकलं. झाड पडायच्या आधी जो आवाज होतो ना तिथे माझे हात गार पडले, खोटं कशाला बोलू, पण उठून गेले नाही. आणि तिने वाचून झाल्यावर काय विचारावं? की आपल्या माडाचं काय, तो पण कलतोय. खरंच कलतोय, किती दिवस मी बघून न बघितल्यासारखं करत होते. पाडेली येऊन नारळ आणि सुकलेली चुडतं काढून गेलाय, माडाचं काय करायचं ते तो पुढच्या आठवड्यात बघून सांगणार आहे.

आता आम्ही बुरुजावरच्या दिव्यापर्यंत आलोय आणि तिथे मला पूर्वीचा काटा आला, तोच, मस्त. डिचोलीकर, मुलगा गायब होतो तिथे मात्र तुमची आठवण येणार.

हे संपल्यावर काय घेऊ? मराठीत हवंय आता, आणि शक्यतो वादळ नसलेलं.

शाळेतली लायब्ररी

छान वाटलं वाचून. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या गोष्टी घ्या, अशोक जैन यांनी मराठीत आणल्यात, भाषा छान आहे. पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत बालविभागात चौकशी करा. लखनौमधली औरंगजेबाच्या अंगठीची गोष्ट आधी घ्या, वादळ नाही. फक्त त्यात विषारी साप सोडलेल्या खोलीत अडकण्याचा प्रसंग आहे, पावसाळ्यात तुमच्याकडे साप निघत असतील तर ती हिवाळ्यासाठी ठेवा. जैसलमेरच्या किल्ल्याची गोष्ट सगळ्यांत सुंदर आहे, पण तिच्यात लहान मुलाला फसवून नेतात, तेव्हा डिचोलीकर, तुम्ही वाचायला घेतलीत तर शेवटचं पान आधी बघा. मुलगा सुखरूप परत येतो.

डिचोलीकर

बाई, बरं झालं सांगितलंत. आता घेतो.