कॅफेतलं साहित्य मंडळ 'छान छान'वर किती दिवस चालणार?

नौपाडा_रविवार
राम मारुती रोडजवळच्या एका कॅफेत आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी जमतो. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी 'छान', 'भिडलं' म्हणायचं, की गाडी घोडबंदरच्या ट्रॅफिकवर. एक काका बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत. त्यांची गझल संपली की कॉलेजातली आमची पोरगी कपातला फेस ढवळत बसते, बोलणार काय! वर कॅफेवाला सारखा 'अजून काही?' विचारायला माणूस धाडतो. जर्मनीतल्या कॉफीहाउसांत अशी मंडळं वर्षानुवर्षं चालत. कशी?

पाचपाखाडी_पंत
बर्लिनचं 'टुनेल यूबर डेर श्प्रे' हे साहित्य मंडळ बघा. १८२७ साली मोरित्झ साफीर या विनोदी लेखकाने काढलं, १८९८पर्यंत चाललं. रविवारीच जमायचे, तुमच्यासारखे. लष्करी अधिकारी, वकील, सरकारी नोकर, सगळी भेळ. पण आत आलं की हुद्दा बाहेर! प्रत्येकाला मंडळातलं टोपणनाव. फोंटाने पुढे मोठा कादंबरीकार झाला, पण १८४४मध्ये सभासद झाला तेव्हा पेशाने औषधवाला; मंडळात तो 'लाफोंतेन'. चित्रकार मेंझेल 'रुबेन्स'. काकांना 'काका' म्हणताय तोवर त्यांच्या गझलेला कोण हात लावणार?

आणि वाचून झालं की निकाल: फार चांगलं, चांगलं, वाईट, फसलेलं. तोंडावर. राजकारण वर्ज्य. बैठकीचं इतिवृत्त लिहायचे, ते आजही बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय उरतं? फुलं आणि हात जोडलेले इमोजी. मला विचाराल तर निकालाची सोय नसलेलं मंडळ म्हणजे नुसता हळदीकुंकू समारंभ.

कळवा_स्लो
पंत, सगळीकडे एवढी समता नव्हती हो. बर्लिनच्याच 'रोमानिशेस कॅफे'त नावाजलेले बसायचे तो भाग 'पोहणाऱ्यांचा' आणि होतकरूंचा 'न पोहणाऱ्यांचा'! एल्झे लास्कर-श्यूलर, केस्टनर, योझेफ रोट, सगळ्या कवी-लेखकांचा अड्डा. १९४३च्या बॉम्बहल्ल्यात ते कॅफे गेलं.

बाकी कॅफेवाल्याचा राग रास्त आहे. आठ जणांत तीन कॉफ्या मागवून अकराच्या गर्दीत टेबल अडवलंत तर तो काय आरती ओवाळेल? साडेआठला बसा, माणशी एक कॉफी आणि काहीतरी खाणं आधीच ठरवा.

नौपाडा_रविवार
तीन नाही, चार कॉफ्या! असो. टोपणनावांचं काकांना फोनवर सांगितलं, ते भलतेच खूश. स्वतःसाठी 'चिलखत' घेतलंय. पोरगी म्हणते निकाल देईन, पण चिठ्ठीवर लिहून. पंत, चिठ्ठी चालेल का?

पाचपाखाडी_पंत
पहिले दोन रविवार चालेल. नंतर तोंडाने. आणि इतिवृत्त तिलाच लिहू द्या.