प्रीगॅबालिन आणि प्रा. सिल्व्हरमन : गृहीतक टिकले नाही, तरी औषध कसे मिळाले?

प्रश्न :
नमस्कार. मी एम. फार्म.ची विद्यार्थिनी आहे. नागीण बरी झाल्यावरही माझ्या आईच्या बरगड्यांवरची आग थांबेना. साडीचा पदर नुसता घासला तरी ती कळवळत असे. डॉक्टरांनी प्रीगॅबालिन सुरू केले आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा त्या कुशीवर झोपू लागली. म्हणून मी या औषधाचा इतिहास वाचला. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १९७६ मध्ये रुजू झालेले प्रा. रिचर्ड सिल्व्हरमन यांच्या प्रयोगशाळेत ते १९८९ मध्ये तयार झाले. मात्र ज्या गृहीतकावर ते काम बेतले होते, ते पुढे टिकले नाही. मग याला संशोधन म्हणावे की योगायोग? पीएच. डी. करावी की कंपनीत जावे, हे ठरवायचे असल्याने विचारते आहे.

प्रतिसाद १ :
याला नुसता योगायोग म्हणणे अन्यायाचे होईल. मूळ शोध अपस्मारावरच्या (फिट येण्याच्या विकारावरच्या) औषधाचा होता. अपस्मारात चेतापेशींची उत्तेजना अनावर होते. ती शमवणारे गाबा हे रसायन बाहेरून दिले तर मेंदूत पुरेसे पोहोचत नाही, म्हणून ते मेंदूतच वाढवावे, असा सिल्व्हरमन यांचा विचार होता. पोलंडहून आलेले संशोधक रिशार्ड आंद्रुश्केविच यांनी गाबाच्या तिसऱ्या कार्बनवर निरनिराळे अल्किल गट (कार्बन-हायड्रोजनच्या छोट्या साखळ्या) जोडून संयुगांची मालिका बनवली आणि ही संयुगे गाबा तयार करणाऱ्या एन्झाइमला चालना देतात, असे आढळले. उंदरांमधील झटके रोखण्यात आयसोब्युटिल गटाचे संयुग, म्हणजेच प्रीगॅबालिन, सरस ठरले, पण एन्झाइमला सर्वाधिक चालना देणारे संयुग ते नव्हते. मला या कथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आकडे गृहीतकाशी जुळत नसतानाही ते संयुग बाजूला टाकले गेले नाही. पुढे कळले की ते गाबा वाढवून नव्हे, तर चेतापेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या मार्गाच्या, म्हणजे कॅल्शियम वाहिनीच्या, अल्फा-२-डेल्टा या उपघटकाला चिकटते आणि वेदनेचे संदेश वाहणाऱ्या रसायनांचा स्राव कमी करते. आयसोब्युटिल म्हणजे ल्युसीन या अमिनो आम्लाचीच बाजूची साखळी. ल्युसीनसारखी अमिनो आम्ले मेंदूत नेणारी वाहक प्रथिने यालाही आत नेतात. कागदावर रचना काढून पाहा, साम्य लगेच दिसेल.

प्रतिसाद २ :
वरील विवेचन पटले, तथापि मी कंपनीत रसायनज्ञ असल्याने एक बाजू मांडतो. उंदरांवरील त्या चाचण्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीने केल्या होत्या आणि त्यानंतरची विषाक्तता-तपासणी, माणसांवरील चाचण्या, उत्पादन हे सारे विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचे होते. अमेरिकेत मान्यता मिळायला २००४ चा डिसेंबर उजाडला. दुसरीकडे, गाबा मोडणाऱ्या एन्झाइमला रोखण्याचा जुना धागा सिल्व्हरमन यांनी सोडला नाही. त्याच तत्त्वावरच्या व्हिगाबॅट्रिन या अपस्मारावरच्या औषधाने दृष्टीला इजा होऊ शकते, म्हणून अधिक प्रभावी रेणू शोधण्यात त्यांनी पुढची अनेक वर्षे घातली. एवढी सलग मुभा कंपनीत सहसा मिळत नाही. तेव्हा आपण पीएच. डी. करावी, असेच मी सुचवेन. फक्त मार्गदर्शक निवडताना त्यांची संयुगे जैविक चाचणीसाठी कोणाकडे जातात आणि निकाल किती दिवसांत हाती येतात, हे आधी विचारून घ्यावे.