मदत हवी आहे: उंदरांपासून पेट्रोल पंपापर्यंत कसं जायचं?

मी पुण्यात जीवरसायनशास्त्रात संशोधन करते. सात-आठ वर्षं पेशी आणि उंदीर एवढंच जग. शेवग्याच्या पाल्यातल्या आयसोथायोसायनेट या गंधकयुक्त रसायनामुळे बेन्झिनचा (पेट्रोलमधल्या विषारी द्रव्याचा) त्रास कमी होतो का, हा विषय. (घरचे म्हणतात, शेवग्यावर पीएचडी झाली, भाजी अजून येत नाही.) पेशींत परिणाम चांगला दिसतोय. आता माणसांत बघायचंय, म्हणजे पंपावर नोझल धरून उभ्या असणाऱ्या मुलांत. बीएस-६ पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत बेन्झिन चालतं, आणि ही मुलं अख्खी पाळी त्या वाफेत असतात.

कल्पना अगदीच हवेतली नाही. चीनमधल्या चिदोंग भागात २९१ जणांवर १२ आठवडे असा प्रयोग झालाय, २०१४ मध्ये छापून आला. अननस-लिंबाच्या रसातून ब्रोकोलीच्या कोंबांचा अर्क दिला (त्यातही आयसोथायोसायनेटच असतं), तर लघवीवाटे बेन्झिनचा निचरा ६१ टक्क्यांनी वाढला.

हे घेऊन एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे गेले. वीस मिनिटं रेणूंबद्दल बोलले. त्यांनी एकच विचारलं, "तुमचा प्रायमरी आउटकम काय?" म्हणजे परिणाम झाला की नाही हे मुख्यतः कशावरून ठरवणार. चहा पिऊन परत आले.

तर, माणसांत नक्की मोजायचं काय? डॉक्टर जोडीदार कसा मिळवायचा? पंपमालकाची परवानगी पुरते का? यातून गेलेल्या कुणीतरी सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी पीएसएमवाला, म्हणजे सामुदायिक वैद्यकशास्त्रातला. मालकाची परवानगी म्हणजे आवारात शिरायची परवानगी, संमती नव्हे. मालक बाजूला नसताना प्रत्येकाला मराठीत-हिंदीत समजावून त्याचीच सही घ्या, आणि रिपोर्ट मालकाच्या हाती जाणार नाही हे लिहून द्या. नोकरीच्या धाकाने दिलेला होकार एथिक्स कमिटी पहिल्यांदा पकडते. सीटीआरआयची (माणसांवरच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंदणी पहिला माणूस घेण्याआधीच करा. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून होत नाही.

मोजायला लघवीतलं एस-फिनाइल मर्कॅप्ट्युरिक आम्ल घ्या, शरीरात बेन्झिनचं तेच बनतं. बेन्झिनपासूनच बनणारं म्युकोनिक आम्ल स्वस्त पडतं, पण सॉर्बेट (पदार्थ टिकवायचं रसायन) घातलेला सॉस किंवा सरबत घेतलं तरी ते वाढतं. नमुना पाळी संपताना. विडी-सिगारेटमध्येही बेन्झिन असतं, तेव्हा नुसतं विचारू नका, कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारं द्रव्य) तपासा. आणि पाला नंतर! आधी दोन पंपांवर फक्त नमुने गोळा करा. रोजचा चढउतार किती ते कळल्याशिवाय किती माणसं लागतील हे कुठलाच स्टॅटिस्टिशियन सांगणार नाही. तो आकडा हातात घेऊन डॉक्टरकडे जा, मग चहाच्या पुढे गाडी जाईल.

प्रतिसाद २

पाला शिजवून देणार की कच्चा? पाला चुरडला की त्यातलं मायरोसिनेज हे एन्झाइम काम करतं आणि आयसोथायोसायनेट तयार होतं. उकळलात तर एन्झाइमच मरतं. मग पोटातल्या जिवाणूंवर भिस्त, आणि ते प्रत्येकाचे वेगळे.

धागाकर्ती

दोघांचे आभार. शिजवण्याचा मुद्दा डोक्यातच नव्हता. उंदरांना आम्ही तयार अर्क पाजतो ना! या आठवड्यात कच्चा, वाळवलेला आणि उकळलेला पाला एचपीएलसीवर (रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावते. आणि पीएसएमवाले दादा, संमतीपत्राचा मराठी मसुदा केला तर नजर टाकाल का? आमच्याकडचा नमुना वाचून मलाच कळला नाही.