सोसायटीतलं वाचनालय: 12 ते 20 वयाची मुलं खरंच पुस्तकं नेतील असं कसं करायचं?

कासारवडवली_बी_विंग
नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडवर आमची 300 फ्लॅटची सोसायटी आहे. क्लबहाऊसमधली तळमजल्यावरची 10 बाय 12 ची खोली वाचनालयासाठी द्यायला कमिटी तयार झालीय. रक्कम 40 हजार, तीही एकदाच. डोळ्यांसमोर 12 ते 20 वयाची मुलं आहेत. बहुतेक इंग्रजी माध्यमातली. मराठी फाडफाड बोलतात, वाचायचं म्हटलं की कंटाळा. आवाहन केलं तर चार-पाचशे पुस्तकं दानात सहज जमतील असं सगळे म्हणतायत. रॅक किती लागतील, वेळ कोणती ठेवावी, दंड असावा का? खोलीची नुसती अभ्यासिका होऊ नये यासाठी काय करता येईल? आणि सरकारी अनुदान वगैरे मिळतं का?

दाखल_नोंद
आवाहन करायच्या आधी जरा थांबा. वाचनालयाला पुस्तकं द्या म्हटलं की लोक माळे रिकामे करतात. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, कालबाह्य स्पर्धा परीक्षांचे ठोकळे, कुठल्याशा समारंभात फुकट वाटलेल्या पुस्तिका, चार खंडांपैकी फक्त दुसरा आणि चौथा. पाचात एक ठेवण्याजोगं निघालं तरी पुष्कळ. एकदा हे रॅकवर चढलं की देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून कुणी उतरवत नाही, आणि मुलांना पहिल्या दिवशी दिसतं ते हेच. म्हणून नोटिशीतच लिहा: एका घरातून जास्तीत जास्त पाच पुस्तकं, पाठ्यपुस्तकं आणि गाइडं नकोत, न ठेवलेली पुस्तकं परत मिळणार नाहीत. थोडे रुसवेफुगवे होतील, होऊ देत.

जागेचा हिशोब सोपा आहे. एका फुटात मध्यम जाडीची 12 ते 15 पुस्तकं बसतात. तीन फुटी, पाच कप्प्यांच्या रॅकमध्ये म्हणजे साधारण 200. दोन रॅक तुम्हाला भरपूर झाले. स्लॉटेड अँगलचे लोखंडीच घ्या. भरलेल्या तीन फुटी फळीवर 20-25 किलो सहज होतात, पार्टिकल बोर्ड वर्षभरात मधोमध झोळी होतो. आणि काचेचं कुलूपबंद कपाट कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच असं की पुस्तकं वापरासाठी असतात. चावी ज्या काकांकडे ते गावाला गेले, की वाचनालय बंद! वर्षाला थोडी पुस्तकं हरवतील, तो खर्च धरून चाला.

40 हजारांपैकी निम्मे पुस्तकांना ठेवा, पण एकदम उडवू नका. 250 रुपये सरासरी किंमत आणि 20 टक्के सूट धरली तर 20 हजारांत 100 पुस्तकं येतात. उघडताना 40 घ्या. दोन-तीन महिन्यांत काय फिरलं ते वहीत दिसेल, उरलेली 60 त्यावरून आणि मुलांच्या मागणीवरून घ्या. मोठ्यांच्या समितीने 'संस्कारक्षम' यादी केली की पैसे गेलेच समजा.

प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक, म्हणजे आलेल्या क्रमाने नंबर द्या. शिक्का शीर्षकपानाच्या मागे आणि शिवाय एका ठरलेल्या गुप्त पानावर, समजा 25 वर. पहिलं पान फाडलं तरी ओळख पटते. 400 पुस्तकांसाठी कोहासारखं मोठ्या ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर नको. गुगल शीटमध्ये एक पान दाखल नोंदीचं, एक देवघेवीचं, झालं काम.

सानपाडा_ते_ठाणे
वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त वेळेचा मुद्दा राहिला. सोसायट्यांची वाचनालयं संध्याकाळी 5 ते 7 उघडी असतात, आणि नेमकी तेव्हा मुलं क्लासला. रात्री 8 ते 9.30, आठवड्यातून तीन दिवस, आणि रविवारी सकाळी 10 ते 12 एवढं पुरे. पण हे न चुकता. दोनदा कुलूप दिसलं की मूल तिसऱ्यांदा येत नाही. सुरुवात एप्रिलच्या उत्तरार्धात करा, परीक्षा आटोपलेल्या असतात आणि शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद. जानेवारीत उद्घाटन केलंत तर फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं फिरकणार नाहीत आणि "कुणी वाचतच नाही" असा कमिटीचा निष्कर्ष तयार.

पैशाचा दंड नको. रोजचा एक-दोन रुपया साठून 60 झाला की मुलगा घरी सांगत नाही, पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही यायचा बंद होतो. मुदत तीन आठवडे, एका वेळी दोन पुस्तकं, जुनं आणल्याशिवाय नवं नाही, एवढंच ठेवा. 200 रुपये अनामत घ्यायची ती घरटी घ्या, मुलागणिक नको.

मराठीचं म्हणाल तर तो बहुधा कंटाळा नसतोच, वेग कमी पडतो. इंग्रजीत ज्या वयाला साजेसं वाचतात, त्याच वयाची मराठी कादंबरी हातात दिली की जोडाक्षरांवर अडखळत पहिल्या दहा पानांत दमतात. 64 ते 100 पानांची, मोठ्या टायपातली पुस्तकं द्या: विज्ञानकथा, रहस्यकथा, चित्रकथा, क्रिकेटवरचं काहीही. मात्र 'बालवाङ्मय' असं लेबल लावू नका, 15 वर्षांचा पोरगा त्या कप्प्याकडे बघणारही नाही. ऑडिओबुक ऐकत समोर पुस्तक धरलं तर वेग लवकर सुधारतो. 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवलेत. त्यातल्या दोन-दोन पानी कथा मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुव्यासकट टाका.

अजून एक. दाराशेजारी मुखपृष्ठं समोर दिसतील अशी 15 पुस्तकांची उतरती फळी लावा आणि दर पंधरा दिवसांनी ती बदला. जे पुस्तक कणा दाखवत वर्षभर पडून असतं, तेच तिथून दोन दिवसांत उचललं जातं.

पाचपाखाडी
अभ्यासिकेला इतकं घाबरू नका. घरात जागा नाही म्हणून मुलं बसायला येतात, त्यांना हाकलून वाचक वाढत नाहीत. फक्त वेळा वेगळ्या ठेवा: दिवसा अभ्यास, देवघेवीच्या वेळी टेबल मोकळं. आणि चार्जिंग पॉइंट मुद्दाम मासिकांच्या फळीजवळ घ्या. एमपीएससीवाला दर तासाने दहा मिनिटं मान वर करतो, तेव्हा हाताशी वर्तमानपत्र किंवा छोटी कथा हवी. दिवाळीत दहा-बारा दिवाळी अंक घेतलेत तर फेब्रुवारीपर्यंत फिरतात, त्यांची मुदत मात्र आठवडाभरच.

अनुदान विसरा. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळते ती सर्वांना खुल्या असलेल्या वाचनालयांना. गेटच्या आतलं, सभासदांपुरतं वाचनालय त्यात बसत नाही. त्यापेक्षा खोली, वीज आणि वार्षिक पुस्तकखरेदी यांचा सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. नाहीतर पुढची कमिटी त्या खोलीत टेबल टेनिस आणेल.

आणि मोठा साठा स्वतः बाळगायचा हट्ट कशाला? ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे. मोठ्या मुलांना तिथलं सभासद करून द्या. तुमच्या खोलीने गोडी लावायची, पुढचा पल्ला तिकडे.

कासारवडवली_बी_विंग
सगळ्यांचे आभार, दानाची नोटीस तर बदलतोच. एक राहिलं. खोलीची एक भिंत बाहेरची आहे, पावसाळ्यात तिला ओल येते. आणि काही दानाच्या पुस्तकांत कसर दिसली. डांबरगोळ्या पुरतील का?

दाखल_नोंद
नाही. डांबरगोळ्यांच्या वासाने कसर फार तर दूर राहते, आत असलेली मरेलच असं नाही. शिवाय बंद खोलीत मुलांची डोकी दुखतील. दानातलं प्रत्येक पुस्तक थेट रॅकवर न ठेवता झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि कुणाच्या तरी डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी आणखी एक दिवस उघडायची नाही, म्हणजे पाणी बाहेरून सुटतं आणि पानं कोरडी राहतात. वाळवीची माती दिसली तर ते पुस्तक घेऊच नका.

ओल्या भिंतीला रॅक लावू नका. दुसरी सोयच नसेल तर चार-सहा इंच अंतर सोडा, खालचा कप्पा जमिनीपासून निदान सहा इंच वर घ्या आणि पुस्तकं बोट शिरेल इतपत सैल लावा. जून ते सप्टेंबर प्लॅस्टिकची कव्हरं घालू नका, आत घाम धरून बुरशी येते. कण्यावरच्या क्रमांकाच्या चिठ्ठीला साधी सेलोटेप मारू नका. ती पिवळी पडते, गोंद पाझरतो आणि शेजारचं पुस्तक चिकटून बसतं. चिठ्ठी फेविकॉलचा पातळ हात देऊनच लावा. पानं सुटलेल्या पुस्तकालाही तेच: कण्यात बारीक रेघ सोडायची, वर वजन ठेवायचं आणि 24 तास हात लावायचा नाही.