स्ट्रोमाला 'आवरण' म्हणावं का?

काना_मात्रा: स्वादुपिंडाच्या कर्करोगावरची रुग्णांसाठीची माहितीपुस्तिका मराठीत आणतोय. मूळ वाक्याचा आशय: दाट स्ट्रोमा (कर्करोगाच्या पेशींना आधार देणारा तंतूंचा भाग) औषधाला कर्करोगाच्या पेशींपर्यंत पोहोचू देत नाही. मी 'गाठीभोवतीचं दाट आवरण' केलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'आवरण' खोडून शेजारी प्रश्नचिन्ह टाकलंय. काय चुकलं?

काचपट्टी: बरोबर खोडलं. आवरण म्हटलं की रुग्णाला वाटणार, संत्र्याच्या सालीसारखं सोललं की काम झालं. स्ट्रोमा बाहेरून गुंडाळलेला नसतो, पेशींच्या पुंजक्यांमधून भरलेला असतो. स्वादुपिंडाच्या नलिकाजन्य कर्करोगात गाठीचा बहुतांश भाग तोच, कधी ८०-९० टक्के. हीमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांनी रंगवलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर गुलाबी तंतूंचा पसारा दिसतो आणि त्यात कर्करोगाच्या वेड्यावाकड्या ग्रंथी तुरळक. तेव्हा 'भोवतीचं'सुद्धा काढा. 'गाठीतली तंतुमय ऊती' करा.

कोशकीटक: शाळेच्या पुस्तकात हरितलवकातल्या स्ट्रोमाला 'पीठिका' आहे. तयार शब्द असताना नवे कशाला पाडायचे?

काचपट्टी: ती पीठिका पेशीच्या आतली. इथे पेशींबाहेरचं कोलॅजन (तंतूंचं प्रथिन), हायल्युरोनन (पाणी धरून ठेवणारी लांब साखळीची शर्करा), शिवाय फायब्रोब्लास्ट (तंतू तयार करणाऱ्या पेशी), प्रतिकारपेशी, रक्तवाहिन्या, असं सगळं खटलं आहे. इंग्रजीने एकच नाव दोन्हीकडे चालवलं म्हणून आपणही चालवायचं का?

अनुस्वार: ग्रीकमध्ये स्ट्रोमा म्हणजे अंथरूण. आपलं अंथरूणही 'आस्तरण'वरून आलंय, धातू 'स्तृ'. दोघं एकाच घराण्यातले! म्हणून 'आस्तर' घ्यावा.

कोशकीटक: मुद्रितशोधक त्याचं 'अस्तर' करून मोकळा होईल. आणि अस्तर म्हणजे पोकळीच्या आतला थर. हा कर्करोग नलिकेच्या नेमक्या त्याच थरातून उगवतो. म्हणजे अर्थ पार उलटा.

थेंबथेंब: नावावरून भांडताय, पण 'पोहोचू देत नाही' हे क्रियापद जास्त फसवं आहे. औषध तीन ठिकाणी अडतं. पहिलं, तंतू आणि वाढणाऱ्या पेशींच्या रेट्याने केशवाहिन्या चेपतात, त्यामुळे रक्तच कमी येतं. दुसरं, लसीकावाहिन्याही (ऊतीतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) चेपल्याने द्रवाचा निचरा होत नाही. निरोगी ऊतीत पेशींमधल्या द्रवाचा दाब शून्याच्या आसपास असतो, गाठीत तो केशवाहिनीतल्या दाबाच्या बरोबरीला येऊ शकतो. दाबात फरकच उरला नाही की वाहिनीतून द्रव बाहेर ढकलला जात नाही. मग उरतं ते नुसतं विसरण, म्हणजे रेणूंचं आपोआप पसरत जाणं, आणि त्यात अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. तिसरं, रेणूचा आकार. जेमसायटबीन हे केमोचं औषध सुमारे २६३ डाल्टनचं (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक), ते तंतूंच्या जाळीतून सुटतं. औषध म्हणून दिलेलं प्रतिपिंड (अँटिबॉडी) दीड लाख डाल्टनचं, ते रखडतं. म्हणून 'झिरपत नाही' लिहू नका. झिरपायला दाबातला फरक लागतो, आणि तोच तर गेलेला असतो.

अनुस्वार: मग 'भिनत नाही'. अस्सल मराठी!

कोशकीटक: भिनतं विष. औषध लागू पडतं.

थेंबथेंब: 'लागू पडत नाही' अजिबात नको. औषध पेशीपर्यंत गेलंच नाही आणि गेलं पण पेशी दाद देत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णाला त्या वेगळ्याच कळायला हव्यात.

काना_मात्रा: बरं, 'आवरण' काढून 'तंतूंची भिंत' केलं तर?

काचपट्टी: नको. भिंत म्हटली की पुढचा प्रश्न ठरलेला: पाडत का नाही? पाडून पाहिलंय. २००९ साली आयपीआय-९२६ या हेजहॉग संकेतमार्ग (पेशींनी एकमेकींना निरोप देण्याचा एक मार्ग) रोखणाऱ्या औषधाने उंदरांत स्ट्रोमा विरळ झाला, गाठीत वाहिन्या वाढल्या आणि जेमसायटबीन जास्त पोहोचलं. माणसांवरची चाचणी मात्र २०१२ साली थांबवली, कारण हे औषध घेणारे रुग्ण तुलनेतल्या गटापेक्षा लवकर दगावत होते. २०१४ साली उंदरांतच दिसलं, की फायब्रोब्लास्ट फार कमी केले तर गाठ आणखी आक्रमक होते. हायल्युरोनन तोडणाऱ्या पेगपीएच२० या औषधाने चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही, ते २०१९ साल. म्हणजे स्ट्रोमा औषध अडवतो, तसा काही बाबतींत गाठीलाही आवरून धरतो. 'भिंत' या शब्दात ही दुसरी बाजू बसत नाही.

अनुस्वार: मग 'गोतावळा'च म्हणा ना! त्यात वैरी आले, सोयरे आले.

कोशकीटक: रुग्णपुस्तिका आहे, लग्नपत्रिका नव्हे. सरळ 'स्ट्रोमा' ठेवा आणि पहिल्या उल्लेखापाशी एका ओळीत अर्थ द्या. लोक 'केमो' म्हणतातच की. कोणी 'रसायनोपचार' म्हणतं का?

अनुस्वार: मी म्हणतो.

थेंबथेंब: माझं मत: 'गाठीतल्या दाट तंतुमय ऊतीमुळे औषध कर्करोगाच्या पेशींपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही.' 'पुरेशा प्रमाणात' गाळू नका. थोडं पोहोचतंच, नाहीतर केमो देण्यात अर्थ काय?

कोशकीटक: 'ऊतीमुळे' की 'ऊतींमुळे'? वरच काचपट्टी यांनी चार-पाच घटक मोजलेत. आणि 'ऊती' ऐवजी सरळ 'ऊतक' का नको?

अनुस्वार: ऊतक हिंदी आहे हो!

कोशकीटक: 'वे' धातूपासूनच ना दोन्ही? विणणे. मग हिंदीची मक्तेदारी कुठून आली?

काना_मात्रा: उद्या दुपारी फाइल छपाईला जायची आहे. एकवचन की अनेकवचन, तेवढं तरी सांगा.