टँगोतल्या 'अमुरार'ला मराठीत काय म्हणाल?

सध्या टँगोची, म्हणजे अर्जेंटिनातल्या जोडीने करायच्या नाचाची, स्पॅनिश गाणी शब्द समजून घेत ऐकायचा नाद लागलाय. नाच सगळ्यांना माहीत असतो, पण बोल घेऊन बसलं की जीव कासावीस होतो. कार्लोस गार्देलने १९१७ साली गायलेलं 'मी नोचे त्रिस्ते' म्हणजे 'माझी उदास रात्र' घ्या, शब्द पास्क्वाल कोंतुर्सीचे. पहिल्याच ओळीत मी अडले, 'पर्कांता' आणि 'अमुरास्ते'. दोन्ही लुनफार्दोतले, म्हणजे ब्युनोस आयर्सच्या गल्लीबोळातली बोली, बोटी भरभरून आलेल्या इटालियन लोकांच्या भाषांची तिच्यात भरपूर सरमिसळ. पर्कांता म्हणजे बाई, प्रेयसी. अमुरार म्हणजे सोडून जाणं. पण 'मला सोडून गेलीस' फार मिळमिळीत वाटतंय, काही सुचतंय का कुणाला?

प्रतिसाद :
'टाकून गेलीस' म्हणा की. माझी आजी गावातल्या एका बाईंबद्दल आवाज खाली आणून 'टाकलीय गं तिला' म्हणायची, आणि तेवढ्यात सगळं कळायचं. आपल्याकडे टाकलेली नेहमी बाईच, 'टाकलेला नवरा' मी तरी ऐकला नाही. म्हणून पुरुषाच्या तोंडी 'तू मला टाकलंस' आलं की बरोबर तिथेच टोचतं जिथे टोचायला हवं.

प्रतिसाद :
टाकणे एकदम पटलं. फक्त भाषांतरात 'विरह' आणू नका प्लीज. विरह म्हटलं की ज्ञानेश्वरांच्या विराण्या आठवतात, बोलणारी स्त्री, चंदन, चांदणं, आणि वाट कुणाची बघतेय तर देवाची. इथे एक पुरुष भाड्याच्या खोलीत एकटा बसलाय, गिटार कपाटात टांगलेली, ती कुणी वाजवत नाही, आरसा धुरकटलाय जणू तोही रडलाय, दिव्याला पण उजेड द्यायचा नाहीये. आणि हा अजूनही 'माते' नावाच्या पेयासोबत खायला बिस्किटं घेऊन येतो, ती असल्यासारखी! (माते म्हणजे तिकडचा चहासारखा कढत काढा, एकाच भांड्यातून आळीपाळीने पितात, म्हणून एकट्याने पिणं जास्तच लागतं.) याला मराठीत एकच शब्दप्रयोग आहे, घर खायला उठतं.

प्रतिसाद :
'घर खायला उठतं' वाचून स्पॅनिशमधलं 'एक्स्त्रान्यार' आठवलं. 'ते एक्स्त्रान्यो' म्हणजे तुझी आठवण येते, पण 'एक्स्त्रान्यो'चा दुसरा अर्थ परका, अनोळखी. आपण हल्ली 'मिस करतो' म्हणून मोकळे होतो, त्यापेक्षा 'तुझ्यावाचून करमत नाही' किती जवळचं आहे. करमत नाही म्हणजे आपल्याच घरात आपण परके होतो.

प्रतिसाद :
सगळ्यांचे मनापासून आभार, 'टाकलंस' पक्कं केलं. आता शेवटचं सांगते, काल रात्री बराच वेळ एका ओळीवर बसले होते. तो म्हणतो, रात्री झोपताना 'नो पुएदो' दार लावायला, उघडं ठेवलं की तू परत येशील असं वाटत राहतं. 'पुएदो' म्हणजे शकतो, म्हणून मी आधी 'दार लावू शकत नाही' लिहिलं होतं, आणि वाचताना वाटलं की दारच बिघडलंय. मग खोडून 'दार लाववत नाही' केलं. हात पोचतो, कडीही धड आहे, पण लाववत नाही.