मदत हवी आहे: चिआंग माईची बौद्ध मूल्यांवरची आंतरराष्ट्रीय शाळा, लेकीला घालावी का?

सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

बरेच दिवस वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

नवरा गेल्या डिसेंबरपासून उत्तर थायलंडमध्ये, लाम्फूनच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. तीन वर्षांचा करार आहे. मी नागपूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लेक नऊ वर्षांची, चौथीत. पुढच्या वर्षी बिनपगारी रजा घेऊन तिच्यासह तिकडे जायचं जवळपास ठरलंय. अडलंय फक्त शाळेपाशी.

चिआंग माईजवळ हांग डोंगला पन्यादेन नावाची आंतरराष्ट्रीय शाळा आहे, २०११ पासूनची. नावातलं ‘पन्या’ म्हणजे आपली पाली पञ्ञा. इमारती माती आणि बांबूच्या. २०१७ साली बांधलेला खेळाचा हॉल तर सगळा बांबूचाच, १७ मीटर रुंद, तीनशे मुलं मावतील एवढा. शाळेला मार्गदर्शन अजान (थाईत ‘गुरू’) जयसारो या भिक्खूंचं. ते जन्माने इंग्रज, थायलंडचे प्रसिद्ध ध्यानगुरू ‘अजान चा’ यांचे शिष्य. मूल्यशिक्षणाचा वेगळा तास ठेवण्याऐवजी तिथे बारा ‘शहाण्या सवयी’ सगळ्या विषयांतून रुजवतात: कुणाला इजा न करणं, खरं बोलणं, धीर धरणं, सजग राहणं, मात्रा ओळखणं, अशा.

या ‘मात्रा ओळखण्या’वर माझं मन बसलं. धम्मपदात ‘मत्तञ्ञुता च भत्तस्मिं’ म्हटलंय ना, जेवणात प्रमाण ओळखणं, तेच हे. माझ्या शाळेत खिचडी वाढताना पोरांना रोज सांगते, पोट किती मागतंय ते आधी बघ, मग वाटी पुढे कर. एका शाळेने याला शिक्षणच मानलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सजगतेचं महत्त्व मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलंय, आणि शाळांमधल्या ‘मित्र’ या ध्यानाच्या उपक्रमात सहावीच्या वर्गाकडून रोज दहा मिनिटं आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देणं, करून घेते. एकदा मैदानावर मारामारी करून आलेला एक मुलगा न सांगता भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. मुठी आवळलेल्याच होत्या. थोड्या वेळाने उठून म्हणाला, “मॅडम, श्वास गरम येत होता. आता नाही येत.” त्या दिवसापासून मी ती दहा मिनिटं एकदाही चुकवलेली नाही.

आता खरी अडचण सांगते.

लेक शहरातल्या एका खासगी शाळेत जाते. तिसरीत असताना शेजारच्या मुलीने तिच्या डब्यातलं खायला नकार दिला, घरून तसं सांगितलंय म्हणून. वर्गशिक्षिकेने दोघींच्या जागा बदलल्या आणि विषय संपवला. लेकीने घरी येऊन विचारलं, “मी काही केलं होतं का?” मी तिला जवळ घेऊन म्हटलं, “नाही. तू काहीच केलेलं नाहीस.” हे वाक्य मला तिच्या मनात कायमचं रुजवायचंय.

म्हणूनच कर्माच्या शिकवणीची धास्ती वाटते. थायलंडचा थेरवाद, म्हणजे तिथला पारंपरिक बौद्ध पंथ, आणि आपल्याला बाबासाहेबांनी दिलेला धम्म यांत बरंच काही एक आहे, पण आजचं दुःख मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ ही गोष्ट बाबासाहेबांनी ठामपणे नाकारली. थाई घरांतून ती सहज बोलली जाते. माझ्या लेकीला उद्या कुणी प्रेमाने का होईना, तसं समजावलं तर मला चालणार नाही. तेव्हा तिथे किंवा थायलंडमधल्या दुसऱ्या कुठल्या बौद्ध शाळेत कुणाची मुलं शिकली असतील तर नेमकं सांगा: कर्म म्हणजे ‘आज करशील त्याचा परिणाम उद्या’ एवढंच शिकवतात, की गरीब-श्रीमंत, धडधाकट-अपंग यांचाही उलगडा कर्माने करतात?

दुसरं म्हणजे मैत्री आणि करुणा शिकवणाऱ्या या शाळेची फी बऱ्याच आईबापांच्या आवाक्याबाहेरची. आमची निम्मी कंपनी भरेल म्हणून आम्ही विचार तरी करतोय. तिथली मुलं शाळेतल्या मावशी, माळीकाका यांच्याशी कशी वागतात? माझ्यासाठी मूल्यशिक्षणाची परीक्षा हीच.

बाकी प्रश्न थोडक्यात. लेकीला बाळदमा आहे. फेब्रुवारी ते एप्रिल त्या भागात शेतं आणि जंगलं जळतात, हवा फार बिघडते. अशा माती-बांबूच्या वर्गांत मुलं ते महिने कसे काढतात? आणि परत आल्यावर सातवी-आठवीत इथे प्रवेश घेताना मराठीचं काय? बालभारतीची पुस्तकं घेऊन जाणार आहे, पण थाई आणि इंग्रजीसोबत घरी मराठी टिकवलेल्यांचा अनुभव ऐकायचाय. इंग्लंडमधल्या ब्रायटनची धर्म स्कूल ही बौद्ध शाळा १९९४ ला सुरू झाली आणि २०२० ला बंद पडली, हे वाचल्यापासून लहान शाळांच्या भवितव्याचीही काळजी वाटते.

सासूबाईंचा मात्र निर्णय झालाय. नवऱ्याच्या खोलीजवळच्या विहारात संध्याकाळी वंदना होते. त्याने एकदा फोन चालू ठेवून ऐकवली. भिक्खू थाई उच्चारात म्हणत होते, “फुत्थं सरणं खच्छामि.” आई आधी गोंधळल्या, मग पदर सावरून हात जोडले आणि त्यांच्यामागे आपल्या उच्चारात म्हणू लागल्या. पंचशील संपेपर्यंत फोन खाली ठेवू दिला नाही. “तिथं आपलीच माणसं आहेत,” म्हणाल्या.

अपडेट: इतक्या मनापासून लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. कर्माचा प्रश्न थेट शाळेलाच विचारा, असं तिघांनी सुचवलं. पटलं. डब्याचा प्रसंग जसाच्या तसा लिहून, अशा मुलीला तुमचे शिक्षक काय सांगतील, असं इमेलमध्ये विचारलंय. दम्याबद्दल इथल्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी धुराच्या महिन्यांत मायलेकींनी नागपूरला यावं असं सुचवलंय, पण मग शाळा बुडते. यावर कुणी काही मार्ग काढलाय का?

दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस जाऊन शाळा बघणार आहोत. हांग डोंगच्या बाजूला कुणी मराठी कुटुंब राहत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लेकीला तुमच्या मुलांशी बोलायचंय. तिचे प्रश्न वेगळे आहेत, तिथे खोखो खेळतात का, हा पहिला.